पहिल्या रविवारची माणसं

आईने मोठं टेबल ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, की घरातल्या सगळ्यांनी हातातलं काम टाकून येऊन बसायचं, असा बाबांच्या वेळेपासूनचा नेम होता. बाबा गेले, टेबलाचा एक पाय बदलून झाला, खालची भट्टी लाकडावरून गॅसवर आली, पण महिन्याचा पहिला रविवार काही हलला नाही. त्या दिवशी दुपारी बेकरी बंद ठेवायची, वरच्या मजल्यावर सगळ्यांनी जमायचं, आपापला वाटा टेबलावर ठेवायचा आणि घरावर जे काही देणं असेल ते त्याच दिवशी, एकदम आणि पुरतं, चुकतं करायचं. तुकड्यातुकड्याने देणाऱ्याची पतही तुकड्यातुकड्याने जाते, असं बाबा म्हणायचे. पाव विकणाऱ्या माणसाच्या तोंडी ते शोभायचंही.

अक्का जिन्याच्या वळणावर थांबली होती. दम खातेय, असं तिने स्वतःलाच सांगितलं. या जिन्याने तिला कधी दम लागला नव्हता. इस्पितळाच्या कपडेखात्यात चादरी, पडदे आणि डॉक्टरांचे झगे शिवण्यात तिची उमर गेली होती आणि तिथले सगळे मजले ती पायीच चढायची. आज पाय अडत होते ते वेगळ्याच कारणाने. वर जाऊन काय सांगायचं ते तिने वाटेत तीन-चार तऱ्हांनी जुळवून पाहिलं होतं, आणि दर वेळी त्यात कुणीतरी दुखावलं जात होतं. या घरात कुणी दुखावलं जाऊ नये याची काळजी आजवर बहुतेक तिनेच वाहिली होती.

वर भाऊ आधीच येऊन बसला होता. तो अक्काच्या पाठचा, पण भट्टीपुढे उभं राहून राहून तिच्याहून थोरला दिसायचा. उजवा खांदा त्याने पट्टीने बांधला होता. पीठ मळायचं यंत्र जळल्यापासून तो पहाटे उठून पोतंच्या पोतं हाताने मळत होता. त्याच्या शेजारी भावजय चहाचे कप मांडत होती. समोर धाकटी बहीण, आणि तिच्या बाजूला तिचा नवरा. तो विम्याचं काम करायचा. तोंडावर त्याला सगळे जावईबापू म्हणायचे आणि पाठीमागे विमेवाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि काहीही बोलण्याआधी 'तसं बघायला गेलं तर' म्हणायची खोड.

"चहा घ्या, अक्का," भावजय म्हणाली.

"नंतर घेते."

"नंतर म्हणजे गार."

"गारच घेईन."

आईने फडकं पिळून खिडकीत वाळत टाकलं आणि आपल्या खुर्चीत बसली. तिचे हात अजून ओले होते. "चला," ती म्हणाली, "आधी अक्काचं कार्ड."

घरातलं सगळ्यात मोठं देणं तेच होतं. त्याची गोष्ट साधी होती. या घरात पक्की नोकरी आणि पगाराची चिठ्ठी एकट्या अक्काकडे. बेकरीचा गल्ला रोज भरायचा आणि रोज रिकामा व्हायचा, त्यावर कुठली बँक भाऊला दारात उभं करत नव्हती. अक्काला मात्र बँकेनेच आपण होऊन क्रेडिट कार्ड दिलं. पहिल्यांदा त्यावर ते मळायचं यंत्र आलं. मग पाव पोचवायच्या गाडीची दुरुस्ती, धाकटीचा फ्रिज, आईचे दात, आईच्या दातांमागून पुन्हा गाडी. विहीर एकाच्या अंगणात असली तरी पाणी सगळ्या आळीचं, तसं त्या कार्डाचं झालं. तळाशी किती उरलंय हे कुणी वाकून बघत नव्हतं. बिल भरायची तारीख महिन्याच्या मध्याला असायची, आणि हे घर ते पुढल्या पहिल्या रविवारी, सगळ्यांचे वाटे जमले की भरायचं. त्यापायी दर वेळी थोडा जादा आकार लागून यायचा. त्याला भाऊ 'कार्डाचं भाडं' म्हणायचा. सगळे मिळून तेही भरायचे, कुरकूर न करता.

"थांब आई," अक्का म्हणाली. "आज आधी माझं ऐका. मला घरासाठी कर्ज नाही मिळत."

घर म्हणजे इस्पितळामागच्या दोन खोल्या, जिथे ती इतकी वर्षं भाड्याने राहत होती. मालकीणबाई म्हाताऱ्या झाल्या होत्या, लेकाकडे जायच्या होत्या. जाताना घर विकायचं, पण आधी तुला विचारते, म्हणाल्या होत्या. बाजारभावापेक्षा कमीत. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं, त्याला त्यांनी उद्यापर्यंत थोपवलं होतं.

"नाही म्हणजे?" भाऊने विचारलं. "पगार तर आहे तुझा."

"पगाराचं काही नाही. माझं नाव खराब आहे."

असं वाक्य या घरात मागे एकदाच बोललं गेलं होतं, अक्का नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा, आणि तेही शेजारणीच्या तोंडून. बाबांनी त्या शेजारणीला पाव द्यायचा बंद केला होता.

"कोण म्हणालं?" आईचा आवाज चढला.

"कुणी म्हणालं नाही. मशीनमध्ये तसं लिहिलंय."

मग तिने बँकेतलं सांगितलं. काउंटरवरची मुलगी अगदी कोवळी होती, आणि चांगली होती, हेच अक्काला जास्त लागलं होतं. उद्धट असती तर भांडता आलं असतं. तिने पडदा अक्काकडे वळवून दाखवला. महिन्यामागून महिना, ओळीमागून ओळ, आणि प्रत्येक ओळीपुढे लाल खूण.

"मावशी, तुम्ही बुडवलेलं काहीच नाही," ती मुलगी म्हणाली होती. "पण वेळेवर भरलेलंही काहीच नाही."

"अहो, पण आम्ही सगळं भरलंय. दंडासकट."

"तेच ना. दंडासकट म्हणजे उशिरा. आणि कार्ड नेहमी काठोकाठ वापरलेलं. त्यावरून असं दिसतं की या माणसाचं उसन्याशिवाय भागत नाही."

या माणसाचं, असं ती म्हणाली होती. अक्काला तेव्हा आपल्या ट्रंकेत किती कमी कपडे आहेत ते आठवलं. गेल्या कित्येक वर्षांत त्या कार्डावर तिने स्वतःसाठी फक्त एक चष्मा घेतला होता. तोही भाऊच्या ओळखीच्या दुकानात, सवलतीत.

"एक बँक नाही म्हणाली म्हणून काय झालं," भाऊ म्हणाला. "दुसरीकडे जा. मी तर आधीच म्हटलं होतं."

"गेले ना. तुझंच ऐकून गेले. आणखी तीन ठिकाणी गेले."

"मग?"

"मग त्या प्रत्येकाने माझी चौकशी केली, आणि तीही त्यात लिहिली गेली. एका दुकानदाराने परत केलेलं नाणं दुसरा निरखून बघतो, तसं झालं. कर्ज देताना बघतात तो स्कोअर, होता तोही घसरला."

भाऊने बांधलेला खांदा चोळला. त्याला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. वाईट वाटलं की तो खांदा चोळायचा, पट्टी नसतानाही.

"आपण कुणाचा छदामही बुडवलेला नाही," आई म्हणाली. ती हे टेबलाला सांगत होती. "पिठाचा व्यापारी काय म्हणायचा आठवतंय? ही पहिल्या रविवारची माणसं. यांच्याकडे मागायला जायचं नाही, घरी बसून राहायचं, पैसे आपोआप चालत येतात. लाकूडवालाही तेच म्हणायचा. तुझ्या बाबांनी रविवार चुकवला असेल तर तो एकच, तुझा जन्म झाला त्या दिवशी. आणि सोमवारी सकाळी चपला न घालता पळत गेले होते द्यायला."

ते सगळं खरंच होतं. अक्काने लहानपणी बाबांचं बोट धरून त्या व्यापाऱ्याच्या गोदामात किती फेऱ्या मारल्या होत्या. तो बाबांना बसायला पोतं द्यायचा आणि तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. त्याला या घराची रीत ठाऊक होती, म्हणून या घराचा उशीर हा त्याच्या लेखी उशीरच नव्हता. बँकेतल्या त्या पडद्याला बाबा कोण ते माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायची त्याला गरजही नव्हती.

"तसं बघायला गेलं तर," जावईबापू म्हणाले, "बिलावर तारीख छापलेलीच असते. ठळक. ती पाळायची असते, एवढंच. मी माझं तर—"

धाकटीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. ते दिसलं नाही, पण जावईबापू जसे मध्येच थांबले त्यावरून सगळ्यांना कळलं. झाकली मूठ उघडायला एवढं पुरलं.

अक्काने धाकटीकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय ठाऊक असायचंय?" धाकटी म्हणाली.

"उशिरा भरलं की नाव खराब होतं, हे."

"अगं, यांचं कामच ते. यांना असलं काही ना काही माहीत असतंच."

"मग बोलला नाहीत ते?"

जावईबापूंनी कप उचलला, त्यात काही नव्हतं, तो परत ठेवला. "अक्का, खरं सांगू? मी एकदा हिला म्हटलं होतं. पण हा तुमच्या घरचा नेम. सासऱ्यांनी घालून दिलेला. मी जावई माणूस, सासुरवाडीच्या रीतीत कशाला तोंड घालू?"

"कधी म्हणाला होतात?"

उत्तर धाकटीने दिलं. तिला खोटं बोलता येत नव्हतं. लहानपणापासून तिचं हे एक बरं होतं, आणि आज तेच वाईट ठरलं. "फ्रिज घेतला तेव्हा," ती म्हणाली. "हे म्हणाले, अक्काच्या नावावर नको घ्यायला, तिची पत बिघडतेय. मी म्हटलं, तिला कुठे काय कर्ज घ्यायचंय. एकटा जीव. तिला कशाला लागतेय पत."

अक्काला राग यायला हवा होता. तो आला नाही. तिला नुसतं आतून रिकामं वाटलं. शिवता शिवता दोरा संपावा आणि सुई नुसतीच कापडातून जात राहावी, तसं. तो फ्रिज आणायला ती स्वतः धाकटीबरोबर दुकानात गेली होती. मोठ्या दाराचाच घे, रोज रोज बाजारात जायला नको, असं तीच म्हणाली होती. धाकटीने तेव्हा तिला मिठी मारली होती.

"मला वाटलं, तू कधी घर घेशील असं..." धाकटीचे डोळे भरून आले. "मला खरंच नाही वाटलं गं."

"असू दे," अक्का म्हणाली. हे तिच्या तोंडात बसलेलं वाक्य होतं, आपसूक बाहेर पडलं.

आता भावजय मध्ये पडली. "असू दे कसं? अक्कांना घर मिळायलाच हवं. उभा जन्म या घराला दिला त्यांनी. आता त्यांच्या वेळेला आपण हात झटकायचे?"

ती मनापासून बोलत होती. त्यात आणखीही एक गोष्ट होती, आणि ती टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ठाऊक होती. अक्काचं घर गेलं तर एवढ्या जुन्या, कमी भाड्यात दुसरं मिळणार नव्हतं, म्हणजे अक्का इथे येणार होती. भट्टीवरच्या मागच्या खोलीत. तिथे आता पिठाची पोती होती, आणि ती पोती हलवायची तर भावजयीच्या स्वयंपाकघरातच ठेवावी लागणार होती. नवऱ्याला सोडून आल्यावर अक्काने त्या खोलीत नऊ वर्षं काढली होती. खालून भट्टीची धग यायची, जमीन पहाटेपासून तापलेली. पाण्याच्या टाकीकडे जायचा रस्ता त्याच खोलीतून, म्हणून दाराला आतून कडी नव्हती. कधीही कुणीही यायचं, बाबा खाकरून, भाऊ न खाकरता. भाड्याच्या घरात गेली त्या पहिल्या दिवशी अक्काने दार आतून लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मालकीणबाईंना वाटलं कडी बिघडली आहे. त्या तेलाची बाटली घेऊन आल्या होत्या.

तेव्हा भावजयीचा स्वार्थ अक्काला दिसत होता, तरी त्या घडीला तिला भावजयीइतकं जवळचं कुणी वाटलं नाही. आपला फायदा आणि दुसऱ्याचं भलं एका वाटेला लागलेलं या घरात क्वचितच बघायला मिळायचं.

"बँकेतली ती मुलगी एक म्हणाली," अक्काने सांगितलं. "माझ्याबरोबर घरातलं दुसरं कुणी कर्जाला उभं राहिलं, चांगल्या नावाचं, तर देतील. हप्ते मीच भरणार. दर महिना, तारखेला. पगारातूनच कापून जातील, माझ्या हातात येणारच नाहीत. फक्त नाव हवंय."

"मी राहतो की उभा," भाऊ ताडकन म्हणाला. "त्यात काय?"

"तुझं नाही चालत. मी विचारलं."

"का? मी काय केलंय?"

"तू काही केलेलंच नाहीस, म्हणूनच. तुझ्या नावावर कधी कुठलं कर्ज नाही, कार्ड नाही. सगळं माझ्यावर. त्यांच्या लेखी तू कोरा कागद. कोऱ्या कागदावर विश्वास नाही ठेवत ते."

भाऊने एकदा हसून पाहिलं, कुणी साथ दिली नाही म्हणून थांबला. "म्हणजे तुझं घेऊन घेऊन खराब, आणि माझं न घेऊन खराब. मग यांना हवाय तरी कोण?"

आणि मग सगळ्यांच्या माना आपोआप एकाच बाजूला वळल्या.

जावईबापूंचं नाव सोन्यासारखं होतं. ते स्वतःच सांगायचे. एकच कार्ड, त्यावर थोडकंच घ्यायचं, तारखेच्या आधी भरायचं. त्यांना ते जमत होतं, कारण घरातल्या मोठ्या वस्तू मेहुणीच्या कार्डावर येत होत्या. हे कुणी मोठ्याने बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती, ते टेबलावर चहाच्या कपांसारखं मांडलेलं होतं.

"जावईबापू," आई म्हणाली, आणि पुढे काही म्हणाली नाही. तिच्याकडून एवढंही फार होतं. बाबा गेल्यावर तिने कुणापुढे हात पसरला नव्हता.

"अहो," धाकटी हळूच म्हणाली.

जावईबापूंनी पेन खिशातून काढलं, पाहिलं, परत लावलं. "आई, अक्का, मी स्पष्टच बोलतो. गैरसमज नको. रोज मी माणसं बघतो. कुणाच्या तरी कागदावर सही करून बुडालेली माणसं. सगळी नात्यातलीच असतात. परका कुठे जातो सही करायला? अक्का भरतील, मला शंका नाही. पण उद्या अक्कांना काही झालं तर? वय काय आता?"

"विमा काढा ना तिचा," भाऊ म्हणाला. "तुमचाच धंदा आहे."

"चेष्टेची वेळ नाही ही."

"मी चेष्टा नाही करत."

"आणि दुसरं," जावईबापूंनी आवाज खाली आणला, "आम्हालाही घर घ्यायचंय. दोन वर्षांत. अक्कांचं कर्ज माझ्या नावावर दिसलं तर मला नाही मिळणार तेव्हा. तसं बघायला गेलं तर एवढी वर्षं जपलेली एकच गोष्ट आहे माझ्याकडे."

"माझ्याकडेही एकच होती," अक्का म्हणाली.

ती हे चिडून बोलली नव्हती, नेहमीच्या आवाजात बोलली होती. जावईबापूंचे कान लाल झाले. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी टेबलावरच्या ओल्या डागावर बोट फिरवत होती. मघाशी 'अहो' म्हणणारी ती हीच, पण 'आम्हालाही घर घ्यायचंय' हे ऐकल्यावर तिचा चेहरा बदलला होता. आपल्या घराची गोष्ट निघाली की बहीण थोडी मागे सरकते, त्यात तिचा एकटीचा काय दोष. अक्काला ते कळलं, आणि आपल्याला हे इतकं पटकन का कळतं याचाच तिला कंटाळा आला.

"मग एक करूया," भावजय अजून हरली नव्हती. "सगळ्यांनी मिळून रोख उभी करू. अक्कांच्या मालकीणबाईंना निम्मे द्यायचे, निम्मे वर्षभरात."

"त्यांना सगळे एकदम हवेत. त्यांच्या लेकाला द्यायचेत," अक्का म्हणाली.

"आणि रोख आणायची कुठून?" भाऊने विचारलं. "यंत्र बंद आहे. निम्मा पाव निघतोय. दोन हॉटेलवाल्यांनी दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. मी हाताने आणखी किती दिवस मळणार? डॉक्टर म्हणाला, असंच केलंत तर हात वर जाणार नाही. नवं यंत्र आलं नाही तर पुढच्या महिन्यात या टेबलावर ठेवायला माझ्याकडे काही नसेल."

मघापासून त्याच्या मनात हेच होतं. बहिणीच्या बोलण्यात ते मध्येच कसं काढायचं म्हणून तो थांबला होता, हेही खरं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, इथे तर दोघं बुडत होते आणि एकमेकांच्या पायाला धरून होते.

अक्का उठली. "मी फोन करून येते."

ती मागच्या खोलीत गेली. पोती छतापर्यंत लागली होती, त्यांच्यामधून टाकीकडे जाण्यापुरती वाट होती. रविवार असल्यामुळे भट्टी बंद होती, तरी जमीन कोमट होतीच. मालकीणबाईंनी पहिल्याच घंटीला फोन उचलला, जणू हातात धरूनच बसल्या होत्या.

"जमलं का गं?"

"नाही जमलं."

"कुणीच नाही?"

"नाही. तुम्ही त्या दुसऱ्यांना सांगून टाका. थांबवू नका."

पलीकडून त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तुला एवढी माणसं आहेत."

"आहेत ना," अक्का म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती तिथेच उभी राहिली. रडावंसं वाटत होतं. पण या खोलीत रडायचं म्हणजे कान दाराकडे ठेवून रडायचं, आणि ते तिने पूर्वी इतकं केलं होतं की आता नकोसं झालं होतं. आपलं आता काही होणार नाही, हे तिला इतकं स्वच्छ दिसलं की तिला भीतीही वाटली नाही. नोकरी होती, तोवर इस्पितळ आणि ही खोली. नोकरी संपल्यावर नुसती ही खोली. कधीतरी काहीतरी होईल, असं जे वाटत राहतं, ज्याच्या जोरावर माणूस सकाळी उठून वेणीफणी करतो, ते तिच्यापुरतं संपलं होतं.

बाहेरून आवाज येत होते. तिघं-चौघं एकदम बोलत होती, म्हणजे वाट सापडली होती.

ती परत आली तेव्हा जावईबापू पुन्हा मोकळे झाले होते आणि टेबलावर बोटाने आकडे काढून दाखवत होते. "यंत्राचं होऊ शकतं. कर्जाचं वेगळं आणि कार्डाचं वेगळं. यंत्रवाला कार्डावर हप्ते पाडून देतो. भाऊंनी आता स्वतःच्या नावाचं कार्ड काढावं. लहानसं मिळेल. तारखेला भरत गेले तर दोन-तीन वर्षांत त्यांचं नाव उभं राहील."

"काढा हो," भावजय नवऱ्याला म्हणाली. तिच्या आवाजात धडपड होती. अक्काच्या घराचं मघाशीच संपलंय हे तिला बहुधा चेहऱ्यावरून कळलं असावं. तिने अक्काकडे पाहायचं टाळलं. "आपलं म्हणून काहीतरी असू दे. उद्या कुणापुढे उभं राहायची वेळ आली तर."

"पण लहान कार्डावर यंत्र कुठे बसतं?" भाऊ म्हणाला. "आणि पहिलाच हप्ता थकला तर? हॉटेलवाले गेलेत."

"मग नवं नाव पहिल्याच महिन्यात मळेल," जावईबापूंनी कबूल केलं.

भावजयीने ओठ दाबले. आई सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. अक्का खुर्चीवर बसली तसा आईने तिच्या हातावर हात ठेवला. आईचा हात आता कोरडा होता, खरखरीत, उबदार.

"कळवलंस?" आईने विचारलं.

"हो."

"होऊन गेलं. मनाला लावून घेऊ नकोस. खोली तुझीच आहे. पोती काढून देतो दोन दिवसांत." मग ती भाऊकडे वळली. तिला मार्ग दिसला होता, आणि तो अगदी सरळ होता. यंत्र चाललं पाहिजे, पोराचा हात वाचला पाहिजे, घर चाललं पाहिजे. "तुझ्या नावावर काही काढू नकोस. ते चांगलं राहिलंय ते राहू दे, पुढे उपयोगी पडेल. यंत्र अक्काच्याच कार्डावर घ्या. अजून चालतंय ना ते?"

"चालतंय," जावईबापू म्हणाले. "बँक बंद नाही करणार. उशिरा भरणाऱ्यांवरच तर त्यांचं पोट आहे."

"मग झालं. तिच्या नावाचं आता काय बिघडायचं राहिलंय?"

हे आईने अगदी मायेने म्हटलं. फुटलेल्या भांड्यातच उरलंसुरलं ठेवावं, चांगलं भांडं कशाला घ्या, अशा हिशेबाने. टेबलाभोवती कुणाला ते खटकलं नाही. भाऊचा चेहरा तेवढा क्षणभर कसनुसा झाला. पण त्याचा खांदा दुखत होता, आणि दुखणारा माणूस फार वेळ लाजू शकत नाही.

"अक्का," तो म्हणाला, "तुझी हरकत असेल तर नको."

अक्काने नाही म्हणून पाहायचं ठरवलं. शब्द तोंडाशी आला होता. पण नाही म्हणून ती जाणार कुठे होती? याच घरात, याच भट्टीवर. यंत्र नसलं तर पाव नाही, पाव नसला तर ही वरची खोलीही नाही.

"कितीचं आहे?" तिने विचारलं.

भाऊने आकडा सांगितला. तो कार्डाच्या काठापर्यंत जात होता.

"घ्या," अक्का म्हणाली.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. धाकटी डोळे पुसून उठली आणि चहा पुन्हा तापवायला गेली. भावजय तिच्यामागून आत गेली आणि पोती कुठे सरकवायची ते भिंतीला डोळे लावून मोजू लागली. जावईबापू भाऊला सांगत होते, यंत्र कुठल्या कंपनीचं घ्यावं. बोलण्यात रविवारची नेहमीची वर्दळ परत आली होती. आईने अक्काचा हात अजून धरून ठेवला होता आणि ती मनातल्या मनात कसलीशी जुळवाजुळव करत होती. मग तिचा चेहरा उजळला. लेकीला देण्यासारखं काहीतरी चांगलं तिला सापडलं होतं.

"आणि एक बघ," ती म्हणाली. "इथे आलीस म्हणजे तुझं भाडं वाचलं. दर महिन्याला तेवढं जास्तीचं टाकता येईल तुला टेबलावर."

"हो आई," अक्का म्हणाली. "येईल टाकता."